ठिपके गेले, रोग राहिला

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या माणसाला एक अनुभव कधी ना कधी येतोच. एके दिवशी माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे दोनचार पांढरे ठिपके दिसतात. मासा तळाच्या दगडांना अंग घासू लागतो. दुकानदाराने दिलेले निळे किंवा हिरवे औषध पाण्यात पडते, चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. पुढच्या आठवड्यात मात्र आधी एका माशावर असलेले ठिपके सगळ्याच माशांवर उमटतात. पुन्हा औषध, पुन्हा दोन-तीन दिवसांची उसंत आणि पुन्हा ठिपके. अखेरीस औषधाला, पाण्याला किंवा नशिबाला बोल लावून रिकामी टाकी माळ्यावर जाते.

अशा वेळी औषध निकामी असतेच असे नाही. चूक बहुधा वेळेच्या हिशेबात असते. ठिपका दिसेनासा झाला म्हणजे रोग गेला, ही समजूतच मुळात खरी नाही. ठिपका जाणे ही त्या रोगाच्या वाढीतील एक पायरी आहे. ती पायरी कोणती हे ज्याला कळले, त्याला औषध किती दिवस द्यावे हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.

हा प्रश्न केवळ छंदापुरता नाही. शोभिवंत माशांची पैदास हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा आहे. घराच्या गच्चीवर किंवा परसात सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी, मोली, गोल्डफिश वाढविणारी आणि दुकानांना पुरविणारी माणसे मुंबईपासून चेन्नईपर्यंत आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही घरगुती शोभिवंत मत्स्यपालनासाठी अर्थसाहाय्याचा समावेश करण्यात आला. अशा कुटुंबाच्या एका टाकीत परजीवी शिरला आणि तो सर्व टाक्यांत पसरला, तर काही महिन्यांची मेहनत आठवड्याभरात पाण्यात जाते. येथे ‘पाण्यात जाणे’ हा निव्वळ वाक्प्रचार राहत नाही.

परजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याच जिवावर पोसणारा जीव. माशांवर असे परजीवी अनेक आहेत. गोड्या पाण्याच्या टाकीत सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत अधिक चकविणारा परजीवी पांढऱ्या ठिपक्यांचा होय. त्याचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. हे नाव उच्चारायला अवघड असले तरी अर्थाने सोपे आहे. १८७६ साली फूके या फ्रेंच अभ्यासकाने ते दिले, आणि त्याचा अर्थ ‘पुष्कळ लेकरांची माशांवरील ऊ’ असा होतो. हा जीव ऊ नाही. तो एकाच पेशीचा बनलेला आहे. परंतु ‘पुष्कळ लेकरांची’ हे विशेषण मात्र अगदी नेमके आहे, आणि रोग पुन्हा पुन्हा का उलटतो याचे उत्तर त्या विशेषणातच दडलेले आहे.

या परजीवीच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली राहतो. तेथे माशाच्या पेशी व द्रव यांवर तो वाढतो आणि फुगून साध्या डोळ्यांना दिसेल एवढा, म्हणजे अर्ध्या ते एक मिलिमीटरचा होतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका हाच. त्याच्यावर माशाच्या कातडीचे पांघरूण असल्यामुळे पाण्यातील औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर सुमारे चार ते सात दिवसांत त्याची वाढ पूर्ण होते. मग तो कातडी फोडून बाहेर पडतो. माशावरचा ठिपका गेलेला दिसतो तो येथे.

दुसऱ्या टप्प्यात तो टाकीच्या तळाशी, वाळूत, काचेवर किंवा वनस्पतीच्या पानावर चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो. त्या आवरणाच्या आत त्याचे विभाजन सुरू होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे करत उबदार पाण्यात साधारण एका दिवसात एका परजीवीपासून कित्येकशे पिल्ले तयार होतात. क्वचित ही संख्या हजाराच्या घरात जाते. या टप्प्यातही आवरणामुळे औषधाचा उपयोग होत नाही.

तिसऱ्या टप्प्यात ही पिल्ले आवरण फोडून पाण्यात येतात व पोहत मासा शोधू लागतात. त्यांच्याजवळ शिदोरी फार थोडी असते. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर बहुतेक सर्व मरून जातात. सापडला तर त्याच्या कातडीत शिरून पुन्हा पहिला टप्पा सुरू करतात. औषधाने मरतो तो परजीवी केवळ या तिसऱ्या टप्प्यातला, म्हणजे उघड्या पाण्यात असलेला.

आता पहिल्या परिच्छेदातील घटनाक्रम पुन्हा पाहावा. औषध पाण्यात पडले तेव्हा परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित होते. चार-पाच दिवसांनी ते आपल्या वेळेनुसार बाहेर पडले. ते औषधाने पळाले नव्हते. घरातील मंडळींनी मात्र ठिपके गेलेले पाहून औषध थांबविले, आणि नेमक्या त्याच वेळी तळातील वाळूत एकेका ठिपक्याची शेकडो पिल्ले होत होती. ती बाहेर आली तेव्हा पाण्यात औषध नव्हते. म्हणून दुसरी लाट पहिल्या लाटेपेक्षा मोठी आली. कितीही चांगले औषध आणले, तरी ते या क्रमाने दिले तर हेच होणार.

या सगळ्या हिशेबात तापमानाला फार महत्त्व आहे, आणि म्हणूनच ठिकाण बदलले की उपचाराचे दिवसही बदलतात. बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बाहेरच्या रिंग रस्त्यालगत संगणक उद्योगाच्या कचेऱ्या आल्यानंतर तेथे मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि देशभरातून माणसे राहायला आली. महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबेही त्यांत आहेत. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने ज्यांच्या आईवडिलांना रंगीत माशांची ओढ लावली, त्यांची मुले तेथील सदनिकांत टाक्या मांडून बसलेली आढळली तर नवल नाही. मुंबईची सवय मात्र बेंगळुरूत तशीच चालत नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि हीटर नसलेल्या टाकीतील पाणी २०-२२ अंशांवर येऊ शकते.

पाणी थंड झाले की परजीवीचे आयुष्य लांबते. २५-२६ अंशांवर जे चक्र साधारण आठवड्यात पूर्ण होते, त्याला २० अंशांवर दीड-दोन आठवडे लागू शकतात, आणि १० अंशांच्या पाण्यात तर महिन्याहून अधिक काळ लागतो. बाटलीवर ‘सात दिवस वापरा’ असे छापलेले असते. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात त्या सात दिवसांत निदान एक चक्र पुरे होते. बेळ्ळंदूरच्या जानेवारीत सातव्या दिवशी अर्धे परजीवी अजून माशांच्या कातडीखालीच असतात. छापील सूचना एकच, बाटली एकच, आणि निकाल मात्र वेगळा.

थंडीचा दुसरा परिणाम माशावर होतो. बहुतेक शोभिवंत मासे उष्ण प्रदेशातील नद्यांचे आहेत. पाणी एका रात्रीत तीन-चार अंशांनी उतरले की त्यांची प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणून हा रोग हिवाळ्याच्या तोंडाशी किंवा पाणी बदलल्यानंतर लगेच उफाळतो असा अनुभव सर्वत्र सांगितला जातो.

पाण्याची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. बेंगळुरूला नळाने येणारे कावेरीचे पाणी जवळपास शंभर किलोमीटर अंतरावरून आणले जाते व ते क्लोरीनने निर्जंतुक केलेले असते. शहराच्या कडेच्या भागांना हे पाणी पोहोचविण्यासाठी कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी अनेक वर्षे अशा भागांतील इमारती कूपनलिका आणि टँकर यांवर विसंबून राहिल्या, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तर टँकरसाठीही ओढाताण झाली. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असते. नळाचे तुलनेने हलके असते. आज टँकरचे पाणी, उद्या नळाचे पाणी, असा बदल माशांना सोसत नाही. क्लोरीन तर त्यांचे कल्ले होरपळवतो. त्यामुळे बदलायचे पाणी बादलीत चोवीस तास हवा सोडून ठेवावे किंवा त्यात क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेट घालावे, आणि एका वेळी चौथा हिस्साच बदलावा. नळाचे पाणी सरळ टाकीत सोडण्याने जितके मासे आजारी पडतात, तितके कदाचित कोणत्याही परजीवीने पडत नसतील.

उपचाराकडे वळण्यापूर्वी रोगाची खात्री करून घ्यावी. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांवर प्रजननाच्या काळात पांढरे बारीक उंचवटे येतात. ते निरोगीपणाचे लक्षण आहे. तरीही त्यांना रोग समजून कित्येक गोल्डफिशना विनाकारण औषधात ठेवले जाते. हे उंचवटे ठरावीक जागी व रांगेत असतात, तर रोगाचे ठिपके अंगभर विखुरलेले असतात. ठिपक्यांऐवजी सोनेरी धूळ शिंपडल्यासारखी दिसत असेल तर तो वेगळा परजीवी असतो आणि त्याचा उपचारही वेगळा असतो. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल आणि अंगावर काहीच दिसत नसेल, तर परजीवी कल्ल्यांत असण्याची शक्यता असते. तथापि तेच लक्षण पाण्यात अमोनिया वाढल्याचेही असू शकते. अमोनिया तपासण्याचे साधे संच दुकानात मिळतात. ते न वापरता औषध ओतणे म्हणजे ताप न मोजता गोळी घेणे.

पांढऱ्या ठिपक्यांचाच रोग असल्याची खात्री झाली की पहिले काम पाणी हळूहळू उबदार करण्याचे. हीटर लावून तासाला एखाद्या अंशाहून अधिक नाही अशा बेताने पाणी ३० अंशांपर्यंत नेले, तर परजीवीचे चक्र वेगाने फिरते व बहुतेक वेळा त्याची वाढच खुंटते. परंतु उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो, आणि बेंगळुरूच्या उंचीवर त्यातूनही सुमारे दहावा हिस्सा कमी होतो. ज्याचे कल्ले परजीवींनी पोखरले आहेत त्या माशाला ही तूट जिवावरची ठरते. म्हणून हीटर वाढवायचा तर हवेचा पंपही रात्रंदिवस चालला पाहिजे. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवरचा पंप हाताशी ठेवावा. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा आहे. त्याला ३० अंशांच्या पाण्यात ठेवण्यापेक्षा मिठाचा उपाय बरा.

मीठ हे सर्वांत स्वस्त आणि योग्य प्रमाणात वापरल्यास सर्वांत सुरक्षित औषध होय. त्यासाठी आयोडीन किंवा इतर काही न मिसळलेले खडे मीठ घ्यावे. प्रमाण लिटरला दोन ते तीन ग्रॅम. येथे अंदाज चालत नाही, आणि टाकीत पाणी किती आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, तिन्हींचा गुणाकार करावा व त्याला हजाराने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. दुकानात ‘दोन फुटी’ म्हणून मिळणारी टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच असते. तिचा गुणाकार ५४,०००, म्हणजे ५४ लिटर. पण पाणी काठापर्यंत नसते आणि वाळू व दगड जागा घेतात. तेवढे वजा जाता पाणी सुमारे ४५ लिटर भरते. लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने ९० ग्रॅम मीठ लागेल. ते एकदम न टाकता तीन भाग करून, टाकीच्याच पाण्यात विरघळवून, दीड-दोन दिवसांत घालावे. पाणी बदलले की जेवढे लिटर काढले तेवढ्यांपुरतेच मीठ पुन्हा घालायचे असते. पाणी वाफ होऊन आटले तर मीठ मागे राहते. तेव्हा नुसते साधे पाणी घालावे. या साध्या गणितात चूक झाल्यामुळे मीठ साठत जाऊन मासे दगावतात. खवले नसलेले मांजरमासे आणि बहुतेक पाणवनस्पती यांना मीठ मानवत नाही; ते असतील तर कमी प्रमाण धरावे किंवा त्यांना वेगळे ठेवावे.

दुकानातील औषधांत बहुधा मॅलॅकाइट ग्रीन, फॉर्मेलिन किंवा मिथिलीन ब्ल्यू असते. ही औषधे परिणामकारक आहेत, परंतु निष्काळजीपणे हाताळण्याजोगी नाहीत. मॅलॅकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी वापरण्यास मनाई आहे, कारण ते माशाच्या मांसात साठते व माणसाला अपायकारक ठरू शकते. फॉर्मेलिन पाण्यातील प्राणवायू खाते. शिवाय बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते फॉर्मेलिन माशांना विषारी झालेले असते, ते वापरू नये. हातमोजे घालावेत व खिडकी उघडी ठेवावी. ज्या बाटलीवर घटकांची नावेच नाहीत, ती बाटली कितीही स्वस्त असली तरी दुकानातच राहू द्यावी. औषधाच्या काळात गाळणयंत्रातील कोळसा काढून ठेवणेही आवश्यक असते, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

मीठ असो की बाटलीतले औषध, ते किती दिवस चालू ठेवायचे याचे उत्तर आता सरळ मिळते. शेवटचा ठिपका दिसेनासा झाला तो दिवस शेवटचा मानू नये. तेथून पुढे एक पूर्ण चक्र मोजावे. २५-२६ अंशांवर सुरुवातीपासून साधारण दोन आठवडे धरावेत आणि पाणी २०-२२ अंशांवर असेल तर तीन ते चार आठवडे. या काळात तळाची वाळू रोज नळीने उपसून काढावी, कारण पिल्लांची कोठारे तेथेच असतात. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबांच्या टाक्यांत रोग हटकून उलटतो. त्याला कारण इतकेच की उपचार नवव्या दिवशी अर्धवट सुटतो. गावी जायचेच असेल तर शेजाऱ्याला औषधाचे प्रमाण कागदावर लिहून द्यावे.

औषधाशिवायही हा रोग घालविता येतो, आणि ती पद्धत परजीवीच्या आयुष्यक्रमाची चांगली ओळख असलेल्या माणसालाच सुचेल अशी आहे. दोन प्लास्टिकचे टब घ्यावेत. मासे पहिल्या टबात ठेवावेत. बारा तासांनी त्यांना सारख्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या दुसऱ्या टबात हलवावे. पहिला टब रिकामा करून, घासून, पूर्ण कोरडा करावा. पुढच्या बारा तासांनी पुन्हा तसेच. माशांवरून सुटलेले परजीवी टबाच्या तळाशी चिकटतात, पण त्यांची पिल्ले बाहेर येण्यापूर्वीच मासे दुसरीकडे गेलेले असतात. आठवडा-दहा दिवस हे न चुकता केले तर माशांवर परजीवी शिल्लक राहत नाही. यात पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागते ती शिस्त. मोठ्या टाकीत, वीस-पंचवीस माशांना, हे जमणे कठीण आहे हेही खरे.

इतर परजीवींचे वेळापत्रक वेगळे असले तरी त्यांचे मर्म हेच. कल्ल्यांत राहणारे चपटे कृमी दोन प्रकारचे असतात. एक प्रकार अंडी घालतो, दुसरा थेट पिल्ले देतो. या दुसऱ्याचे वैशिष्ट्य असे की आईच्या पोटातील पिल्लाच्या पोटातही पुढचे पिल्लू वाढत असते. प्राझिक्वांटेल या औषधाने दोन्ही मरतात. मात्र अंडी त्याला दाद देत नाहीत. म्हणून पिल्ले देणाऱ्या कृमींना एक मात्रा पुरू शकते, तर अंडी घालणाऱ्यांसाठी अंडी फुटण्याची वाट पाहून मात्रा पुन्हा द्यावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय यांतला फरक कळत नाही. तेव्हा मात्रा पुन्हा देणेच शहाणपणाचे.

साध्या डोळ्यांना दिसणारी माशांवरील खरी ऊ म्हणजे आरगुलस. ती चपटी, जवळजवळ पारदर्शक आणि अर्ध्या ते एक सेंटिमीटरची असते. आपल्याकडे रोहू-कटल्यांच्या तलावांतही ती मोठे नुकसान करते. माशावरची ऊ चिमट्याने काढता येते. पण ती अंडी माशावर घालत नाही. काचेवर आणि दगडांवर रांगांनी चिकटविते. ती अंडी फुटायला उबदार पाण्यात दोन-तीन आठवडे व थंड पाण्यात त्याहूनही अधिक काळ लागतो. सर्व उवा वेचून काढल्याचे समाधान महिन्याभरात ओसरते ते यामुळे. नांगरासारखे तोंड माशाच्या मांसात रुतवून बसणारा लर्निया हाही असाच: बाहेर लोंबणारा दोरा ओढून काढला तरी पाण्यातील त्याची पिल्ले मोठी होतच असतात.

उपचाराने रोग गेला तरी तो पुन्हा टाकीत शिरतो कसा, हा भाग उपचाराइतकाच महत्त्वाचा आहे. पांढऱ्या ठिपक्यांतून वाचलेल्या माशाला त्या रोगाविरुद्ध काही काळ प्रतिकारशक्ती येते. असा मासा निरोगी दिसतो, खातो-पितो, पण त्याच्या कल्ल्यांत मोजके परजीवी टिकून राहू शकतात. टाकीतील जुने मासे सुखरूप आणि काल आणलेला नवा मासा मात्र ठिपक्यांनी भरलेला, असे दिसले की लोक नव्या माशाला दोष देतात. पुष्कळदा रोग जुन्यांकडून नव्याकडे आलेला असतो. उलटेही तितकेच घडते. दुकानात निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले मासे शेजारशेजारच्या टाक्यांत असतात आणि एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरते. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या पैदास केंद्रांतून पिशवीत बंद होऊन रात्रभर प्रवास केलेला मासा आधीच थकलेला असतो.

यावर एकच भरवशाचा उपाय आहे, तो विलगीकरणाचा. नवीन मासा, नवीन गोगलगाय किंवा नवीन पाणवनस्पती थेट मोठ्या टाकीत न सोडता तीन-चार आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवावी. ही टाकी महाग असण्याची गरज नाही. वीस लिटरचा टब, हवेचा पंप आणि फुटक्या कुंडीचा आडोसा एवढे पुरे. वाळू घालू नये, म्हणजे तळ रोज पुसता येतो. तिची जाळी आणि नळी निराळी असावी. पिशवीतील पाणी कोणत्याही टाकीत ओतू नये. मासा जाळीने उचलून घ्यावा आणि ते पाणी संडासात टाकावे. ओली जाळी हाच रोगाचा सर्वांत सोपा मार्ग असल्यामुळे प्रत्येक वापरानंतर ती उन्हात खडखडीत वाळवावी. माशाला विलगीकरणात ठेवणे बहुतेकांना फार कंटाळवाणे वाटते, कारण नवा मासा आणला की तो जुन्यांच्या सोबतीला सोडून पाहण्याची घाई असते. या घाईची किंमत मात्र जुने मासे देतात.

बेळ्ळंदूरच्या रहिवाशांच्या दाराशीच शहरातील सर्वांत मोठा तलाव आहे. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तलावात येत राहिले. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी तेथे आगी लागल्याच्या आणि वाऱ्यासोबत पांढरा फेस रस्त्यावर उडाल्याच्या बातम्या देशभर पोहोचल्या. अशा तलावातून किंवा त्याला मिळणाऱ्या नाल्यांतून माशांसाठी जिवंत अळ्या, लाल कृमी किंवा जलपर्णी आणणे म्हणजे टाकीत परजीवींना निमंत्रण देणे होय. जिवंत खाद्य द्यायचेच असेल तर ते घरी वाढवावे, किंवा गोठविलेले वापरावे.

उलट दिशेचा प्रवास अधिक घातक आहे. आजारी किंवा नकोसे झालेले मासे ‘बिचारे जगतील तरी’ म्हणून तलावात सोडण्याची दयाबुद्धी अनेकांना सुचते. काच चाटून स्वच्छ करणारा म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतील खरखरीत मांजरमासा भारतातील अनेक तलावांत अशाच दयेने पोहोचला आहे, आणि मच्छीमारांची जाळी फाडणारा व स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावणारा म्हणून त्याच्याविषयी तक्रारी होतात. अशा माशाबरोबर त्याचे परजीवीही जातात. टाकीचा रोग चार आठवड्यांत आटोक्यात येतो. तलावात गेलेला रोग कोणालाच उपसून काढता येत नाही. रोगी टाकीचे पाणी कुंडीत किंवा संडासात टाकावे, गटारात अथवा तलावात नव्हे. मेलेला मासा मातीत खोल पुरावा.

माशांच्या रोगांविषयी सल्ला घ्यायचा तर त्याची सोय आहे. मुंबईत १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वर्सोव्याला आहे, भुवनेश्वरच्या केंद्रीय मीठे-जल मत्स्यपालन संस्थेचे प्रादेशिक केंद्र बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे आहे, आणि राज्यांचे मत्स्यव्यवसाय विभाग जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. पैदास करणाऱ्याने मेलेला मासा घेऊन न जाता नुकताच आजारी पडलेला, जिवंत मासा त्याच्याच टाकीच्या पाण्यासह नेणे इष्ट; मेलेल्या माशावरून अनेक परजीवी काही तासांतच निघून जातात आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि सर्वच मासे दगावले तर? तेव्हाही टाकी फेकून देण्याचे कारण नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशावाचून जगू शकत नाही. मासे नसलेल्या टाकीत पाणी २५ अंशांच्या वर ठेवले तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्याची सारी पिल्ले उपाशी मरतात. खात्रीसाठी चार आठवडे थांबावे. आरगुलसची अंडी असल्याचा संशय असेल तर पाणी पूर्ण काढावे, काच व दगड खरवडावेत, वाळू उकळत्या पाण्यातून काढावी आणि सर्व सामान कडक उन्हात तीन-चार दिवस वाळू द्यावे. त्यानंतर टाकी भरून, गाळणयंत्रातील उपयुक्त जिवाणू पुन्हा स्थिरावण्यासाठी महिनाभर ती चालू ठेवावी, आणि मगच एक-दोन मासे आणावेत. तेही आधी टबात.